जवाचं घर

पहिल्या भेटीला मी मोजपट्टी, कॅमेरा, वही सगळं गाडीतच ठेवते. नुसती आत जाते आणि उभी राहते. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. नव्या माणसाच्या घरी गेल्या गेल्या त्याचं वय, पगार आणि गाव विचारायला लागणारे लोक असतात. जुन्या इमारतीशी मला तसं वागवत नाही.

हा बार्न, म्हणजे शेतावरचं कोठार, सफोकमधला, इंग्लंडच्या पूर्व अंगाचा. मार्चची सकाळ होती, शेतात पाणी साचलं होतं आणि तो रस्त्याकडे पाठ करून उभा होता. अंगावर डांबर फासलेल्या काळ्या फळ्या, डोक्यावर गंजलेला पत्रा आणि मधोमध पुढे आलेली एक उंच देवडी. पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी सहज आत जाईल एवढा तिचा दरवाजा. दाराची एक झडप बिजागरीतून सुटून जमिनीला टेकली होती, ती दोन्ही हातांनी उचलून सरकवावी लागली. आत पाऊल टाकलं आणि डोक्यावरचं आकाश गेलं, पण मोकळेपणा गेला नाही.

दोन महिन्यांनी तिथे काम सुरू व्हायचं होतं. एका जोडप्यानं तो राहायचं घर करण्यासाठी घेतला होता. इमारत वारसा-सूचीतली, त्यामुळे परवानगी मिळताना नेहमीची अट पडली: कामाला हात लावण्यापूर्वी इमारतीची नोंद करा. ही नोंद करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अशा नोंदीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत बाहेरून पाहून केलेलं वर्णन आणि थोडी छायाचित्रं, चौथीत इमारतीचा सगळा इतिहास, कागदपत्रांसकट. इथे तिसरी मागितली होती. म्हणजे नुसतं काय आहे ते सांगून भागत नाही, का आहे आणि कधी झालं तेही सांगावं लागतं.

'बार्न' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या दोन शब्दांचा जोड आहे. 'बेरे' म्हणजे जव आणि 'एर्न' म्हणजे घर. जवाचं घर. हे कळल्यापासून 'बार्नचं घर करायचंय' असं कोणी म्हटलं की मी क्षणभर थांबते. घर तो पहिल्यापासून होताच. माणसांचं नव्हता, पिकाचं होता.

आपल्याकडे वाडा जसा खणांत मोजतात, तसाच बार्नही मोजतात. लाकडी चौकटी एकामागे एक उभ्या असतात आणि दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. हा पाच खणांचा. लांबी साडेसतरा मीटर, रुंदी सहा, आढ्यापर्यंतची उंची साडेआठ. प्रत्येक चौकटीला दोन बाजूंना दोन खांब, खांबांच्या माथ्यावर आडवी तुळई, तुळईवर कैची. खांबांच्या मधल्या जागेत हेझलच्या काठ्या विणून त्यांवर माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा लेप दिलेला. हा तर आपला कुड. पहिल्यांदा सफोकमध्ये अशी भिंत पाहिली तेव्हा मी नकळत तिच्यावर तळहात ठेवला होता. कोकणातल्या आजोळच्या मागच्या पडवीला हात लावावा तसाच तो खरबरीत, कोरडा, किंचित उबदार स्पर्श.

या बार्नच्या गोतातली बडी मंडळी वेगळी आहेत. एसेक्समध्ये क्रेसिंग टेंपलला दोन बार्न आहेत, तेराव्या शतकातले, टेंपलर धर्मयोद्ध्यांच्या जमिनीवर उभारलेले. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या अगदी शेजारी, हार्मंड्सवर्थचा बार्न आहे. १४२६-२७ मध्ये विंचेस्टर कॉलेजनं आपल्या जमिनीवर बांधलेला, बारा खणांचा, ५८ मीटरहून लांब. मुंबईहून येणारी आपली माणसं त्याच्या हाकेच्या अंतरावर उतरतात आणि टॅक्सीत बसून निघून जातात. या थोरांवर पुस्तकं आहेत. त्यांची चित्रं अभ्यासक्रमात लावतात, त्यांना विकत घेऊन सांभाळणाऱ्या संस्था आहेत. माझा बार्न कुणा खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचा. त्याच्यावर कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. माझा अहवाल हाच त्याच्यावरचा पहिला लेख, आणि तो ज्या रूपात चारशे वर्षं जगला त्या रूपाबद्दलचा बहुधा शेवटचाही.

दुसऱ्या दिवसापासून मापं सुरू झाली. लेझर स्कॅनर तिपाईवर फिरतो आणि काही मिनिटांत लाखो बिंदू गोळा करतो. तरी मी प्रत्येक चौकट हातानंही काढते, १:५० च्या प्रमाणात, पेन्सिलीनं. स्कॅनरला सगळंच सारखं दिसतं, खांबही आणि खांबाला लटकलेलं कोळ्याचं जाळंही. हातानं रेघ ओढताना प्रत्येक रेघेपाशी ठरवावं लागतं की ही खाच आहे की नुसती भेग, ही खुंटी मूळची की नंतरची. त्या ठरवण्यातच ओळख होते.

खांबांशी ओळख झाली तेव्हा कळलं, ते सगळे डोक्यावर उभे होते. सुतारानं ओकचं झाड उलटं केलं होतं, बुंधा वर आणि शेंडा खाली. बुंध्याकडे लाकूड रुंद असतं. खांबाच्या माथ्याशी भिंतीवरची लांब तुळई आणि आडवी तुळई दोन्ही येऊन मिळतात, त्या दोघींना बसायला ऐसपैस जागा लागते. म्हणून झाडाचा सगळ्यांत दांडगा भाग छपराकडे. एका खांबावर मुळांकडे जाणारा लाकडाचा वळसा अजून स्पष्ट दिसत होता, पावणेचार मीटर उंचीवर. जी जागा जमिनीत शिरायची, ती चारशे वर्षं छप्पर पेलून होती.

इमारती ओक तेव्हा ओलाच कापत आणि ओलाच जोडत. वाळताना तो पिळवटतो आणि सांधे आवळले जातात. त्यामुळे अशा इमारतीत एकही रेघ ओळंब्यात नसते. माझ्या नकाशात चौथ्या चौकटीचा डावा खांब सहा सेंटीमीटर बाहेर झुकलेला आहे. नव्या आराखड्यात तो सरळ दाखवला होता. मी वास्तुविशारदाला माझा कागद पाठवला आणि सोबत लिहिलं की हा खांब असाच आहे, असाच दाखवा. स्वयंपाकघराची फडताळं त्याच्या कलानं बसवावी लागतील. त्यांनी ते मान्य केलं, याचा मला आजही आनंद आहे.

वय काढायला वर्षवलयं मोजता येतात, पण त्यासाठी पन्नासेक तरी वलयं लागतात. इकडचे ओक सकस मातीत भरभर वाढलेले, वलयं रुंद आणि मोजकी. म्हणून सांध्यांकडे वळावं लागतं. एसेक्समध्ये सेसिल ह्यूएट नावाचे हस्तकलेचे शिक्षक होते. सुतारकामाचे सांधे काळाप्रमाणे बदलत जातात, म्हणजे सांध्यावरून इमारतीचा काळ सांगता येतो, हे त्यांनी कोठारं आणि चर्चची छपरं पालथी घालून दाखवलं. १९६९ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. तपशिलांत त्यांच्याशी वाद झाले, होतात, पण आज माझ्यासारखी कुणी शिडीवर चढून दोन तुळया कुठे जोडल्यात ते शोधते ती त्यांच्याच वाटेनं. भिंतीवरची लांब तुळई एका ओंडक्यात होत नाही, दोन ओंडके टोकाशी एकमेकांत गुंतवावे लागतात. माझ्या बार्नमध्ये हा सांधा रुंद अंगानं अर्धा-अर्धा कापून, टोकाला पातळ पात्यासारखी जीभ काढून जोडलेला होता. ही रीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे रुळली. अहवालात मी लिहिलं: सोळाव्या शतकाची अखेर ते सतराव्याचा मध्य. चारशे वर्षांच्या जिवाला पन्नास-साठ वर्षं इकडे की तिकडे, याहून नेमकं मला सांगता येत नव्हतं.

घरमालकीण बाई एके दिवशी चहा घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, हे लाकूड जुन्या जहाजांचं ना? इंग्लंडमध्ये बार्नवाल्या प्रत्येक घरी हा प्रश्न येतो. लोक लाकडातल्या रिकाम्या खाचा पाहतात, त्यांत काहीच बसलेलं नसतं, मग वाटतं की हे लाकूड आधी दुसऱ्या कशात तरी असणार, आणि बेटावरच्या माणसाला पहिलं आठवतं ते जहाज. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. मी त्यांना म्हटलं, चला, या खाचा रिकाम्या का आहेत ते दाखवते.

बार्नचं लाकूडकाम जागेवर होत नसे. सुतार आपल्या अंगणात एकेक चौकट आडवी मांडून जोडून बघे, मग प्रत्येक तुकड्यावर खूण करून ती सोडवी आणि गाडीवर घालून आणी. खूण म्हणजे रोमन आकडा, लोखंडी अणकुचीनं कोरलेला. लाकडावर सरळ रेघ सोपी, गोलाई अवघड, म्हणून रोमन. त्यातही चारासाठी चार रेघा, कारण आयव्ही आणि व्हीआय उलटीकडून वाचताना घोटाळा होतो. दिवसाच्या उजेडात या खुणा दिसत नाहीत. विजेरी लाकडाला जवळजवळ चिकटवून प्रकाश तिरपा टाकावा लागतो, तेव्हा रेघेत सावली भरते आणि चारशे वर्षांपूर्वीचा हात उमटतो.

बाईंनी विजेरी धरली, मी बोट फिरवत गेले. दक्षिणेकडची शेवटची चौकट सात. मग सहा, पाच, चार, तीन. उत्तरेच्या टोकाशी, जिथे बार्न संपतो, तिथल्या तुळईवर दोन.

'एक कुठाय?' बाईंनी विचारलं.

एक नव्हतीच. दोन नंबरच्या चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, डांबराच्या फळ्यांमागे, रिकाम्या खाचा होत्या आणि भिंतीवरची लांब तुळई तिथे करवतीनं सरळ कापलेली होती. हा बार्न एके काळी सहा खणांचा होता. उत्तरेचा खण पडला, जळाला किंवा विकला गेला, ते काही कळत नाही. तेवढंच कळतं की तो होता. बाई बराच वेळ त्या कापलेल्या टोकाशी उभ्या राहिल्या. मग बाहेर जाऊन त्या गेलेल्या खणाच्या जागी, चिखलात, चार पावलं चालून आल्या. माझ्या नकाशात तो खण तुटक रेषेनं दाखवलाय.

हे आकडे वाचताना दर वेळी मला आमचा वाडा आठवतो. सातारा जिल्ह्यातला, दोन चौकी, सागवानी. माझ्या लहानपणी तो विकला तेव्हा लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याची माणसं आली आणि त्यांनी गेरूनं प्रत्येक खांबावर, प्रत्येक तुळईवर आकडे घातले. सोळा, सतरा, अठरा. मला वाटलं, मोजताहेत. आत्या देवघराच्या दारात उभी होती, तिनं मला आत ओढलं. पंधरा दिवसांत वाडा गाड्यांवर चढला. कुणी त्याचं एक चित्र काढलं नाही, कुणी माप घेतलं नाही. माजघराची उंची किती होती हे आज आमच्या घरात कुणालाही सांगता येणार नाही. आत्या हात वर करून म्हणते, एवढी. इथे सुतारानं घातलेले आकडे उभं करण्यासाठी होते, आमच्याकडचे उतरवण्यासाठी. मी या कामाकडे कशी वळले असं कुणी विचारलं की मी शिक्षणाबद्दल सांगते. खरं कारण तो गेरू आहे.

आता बार्नच्या कामाबद्दल. देवडीच्या मोठ्या दरवाज्यासमोर, पलीकडच्या भिंतीत, दुसरा दरवाजा होता. बुटका. भरलेली गाडी मोठ्या दारानं यायची, रिकामी झाली की बुटक्या दारानं निघून जायची. ही दोन दारं ज्या खणात समोरासमोर येतात तो मळणीचा खण, म्हणजे खळं. आपलं खळं उघड्यावर, कारण सुगीनंतर आपल्याला कोरडं आभाळ मिळतं. इंग्लंडला ते मिळत नाही, म्हणून तिथल्या शेतकऱ्यानं खळ्यावर छप्पर बांधलं. बाजूच्या खणांत गव्हा-जवाच्या पेंढ्या आढ्यापर्यंत रचायच्या आणि मग पुढचा सगळा हिवाळा, थोड्या थोड्या पेंढ्या काढून, मधल्या खणात जमिनीवर पसरून बडवायच्या. बैलांची पात नाही, तिवडा नाही. लांब दांडा, त्याच्या टोकाला चामड्यानं सैल बांधलेला आखूड दांडका. दोघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीनं मारायचे. ठेका चुकला की दुसऱ्याच्या डोक्यात. दाण्यांनी बाहेर उडू नये आणि कोंबड्यांनी आत येऊ नये म्हणून दाराच्या तळाशी फळी आडवी सरकवायची. तिच्या खोबणी दोन्ही बाजूंना अजून आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या.

मळून झालं की दोन्ही दारं सताड उघडायची. वारा आरपार जायचा आणि त्या वाऱ्यात धान्य उफणायचं. दाणे पायाशी, भुसकट दाराकडे. दोन दारं समोरासमोर ठेवण्याचं हे खरं कारण. आपल्याकडे शेतकरी सूप घेऊन वाऱ्याची वाट बघत उभा राहतो, इथे वाऱ्याला यायला रस्ता करून दिला होता.

हिवाळाभर बडवण्याचं हे काम फार जड होतं. पण ते होतं म्हणून मजुरांची चूल पेटायची. १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलनं मळणीयंत्र केलं, आणि हळूहळू हिवाळ्याची मजुरी यंत्राकडे जायला लागली. ऑगस्ट १८३० मध्ये केंटमधल्या लोअर हार्ड्रेस गावात मजुरांनी मळणीयंत्र फोडलं आणि पुढच्या काही महिन्यांत दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेकडो यंत्रं फुटली. धमकीच्या पत्रांवर सही असायची 'कॅप्टन स्विंग', आणि असा कुणी कॅप्टन नव्हता. १९ जणांना फाशी झाली, सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. बार्नबद्दल गोडगोड लिहिणाऱ्यांना मी याची नेहमी आठवण करून देते. त्याच्या पोटात उपाशी माणसांचे हिवाळेही आहेत.

पुढे १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि सफोकचा शेतकरी बसला. बार्नमध्ये वासरं आली, बटाटे आले, गाड्या आल्या. गवताचं छप्पर काढून पत्रा घातला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर कापणी आणि मळणी एकत्र करणारं यंत्र शेतातच दाणे काढून द्यायला लागलं, ते थेट पोलादी कोठीत. बार्नचं काम संपलं. एखादा कर्ता पुरुष निवृत्त होतो आणि घरातले त्याच्या खोलीत जुनं सामान ठेवायला लागतात, तसं झालं. मी गेले तेव्हा आत एक मोडका रोलर, दुधाच्या किटल्या, खताच्या गोण्या आणि एक लहान मुलाची सायकल होती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. लहानपणी ते याच शेतावर होते, त्यांचे वडील इथे गडी. मी तेव्हा तिसऱ्या चौकटीच्या तुळईपाशी शिडीवर होते. तुळईच्या वरच्या कडेला मधोमध हातभर जागा बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत लागत होती. मी वहीत लिहिलं होतं: दोराच्या घर्षणानं, बहुधा पोती चढवण्यासाठी. आजोबांनी खालून विचारलं, काय बघतेस पोरी? मी सांगितलं. ते हसले.

'दोर कसला? आम्ही बसायचो तिथे. मी आणि माझी बहीण. तिथून खाली पेंढ्यात उड्या मारायचो. आमच्या आधीची पोरंही मारायची.'

मी शिडीवर बसूनच ओळ खोडली आणि नवी लिहिली. मापाच्या शेजारी. तुळई चार मीटर उंचीवर आहे. पेंढा तेव्हा किती उंच असे ते आजोबांनी खांबावर काठीनं दाखवलं. त्यांचंही माप मी घेतलं.

खुणा आणखीही होत्या. मोठ्या दाराच्या आतल्या खांबावर, छातीच्या उंचीवर, सहा पाकळ्यांचं फूल, कंपासनं कोरलेलं. अपशकुनापासून रक्षण म्हणून अशी फुलं काढत असं बरेच अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात, सुतारांचा भूमितीचा सराव. २०१६ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंडनं लोकांना आपापल्या भागातल्या अशा खुणा कळवायला सांगितलं होतं. त्याच खांबावर, थोडं खाली, थेंबाच्या आकाराचा जळका डाग होता. मेणबत्तीची ज्योत चुकून लागली तर असा खोल डाग पडत नाही, तो मुद्दाम, काही मिनिटं ज्योत धरून पाडावा लागतो, असं प्रयोग करून पाहिलेल्यांनी दाखवलंय. पेंढ्यानं भरणाऱ्या इमारतीत जाणूनबुजून खांब जाळायचा! थोडी आग आधीच दिली म्हणजे मोठी आग येणार नाही, असा काहीसा भाव त्यामागे असावा, असं काही जणांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. आपल्याकडे देवीचा टोचलेला डाग दंडावर असायचा, तसा तो डाग.

नोंद करून झाली म्हणजे इमारत वाचली, असं मात्र मला कुणी म्हणू नये. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही हे स्वच्छ लिहिलंय: नोंद करता येते, एवढ्यावरून नुकसानीला मंजुरी द्यायची नाही. कागद हा इमारतीचा मोबदला नव्हे. २०१४ पासून साध्या शेतइमारतींचं घर करण्याचे नियम पुष्कळ सैल झालेत. सूचीतल्या इमारतींना ती सवलत नाही, पण सूचीबाहेरचे शेकडो बार्न असे आहेत की ज्यांच्याकडे माझ्यासारखं कुणी विजेरी घेऊन जाणारच नाही. त्यांच्यातल्या एखाद्याच्या तुळईवरही दोनचा आकडा असेल आणि एकचा नसेल.

तरीही या जोडप्यानं हा बार्न घेतला याचा मला आनंदच झाला. पत्र्याला भोकं पडली होती आणि दक्षिणेकडच्या दोन खांबांचे पाय कुजायला लागले होते. आणखी दहा हिवाळे तो रिकामा राहिला असता तर मला माप घ्यायला फार उरलं नसतं. पण घर करताना बार्नचं नेमकं काय जातं ते मी अहवालात लिहिलं, आणि भेटीतही बोलले. लाकूड जात नाही. लाकूड सगळे जपतात, तेल लावतात, दिवे सोडतात. जातो तो मोकळेपणा. जमिनीपासून आढ्यापर्यंत साडेआठ मीटर काहीही नसणं, हा त्याचा गाभा. सुतारानं सगळे खांब, तुळया आणि कैच्या उभ्या केल्या त्या एवढी मोठी जागा रिकामी ठेवण्यासाठी, कारण रिकामी असेल तरच सुगीला भरता येते. माणसांच्या घराला माळा लागतो, भिंती लागतात, न्हाणीघर लागतं. माझ्या नोंदपत्रकात खांबाला रकाना आहे, खिळ्याला आहे, बिजागरीला आहे. रिकामेपणाला नाही. तो मी 'वर्णन' या सदरात घातला आणि त्यावर सबंध एक पान लिहिलं. स्थानिक वारसा अधिकाऱ्यांनी मळणीचा खण आढ्यापर्यंत उघडा ठेवायची अट आधीच घातली होती. जोडप्यानं शेजारचा एक खणही उघडा ठेवायचं ठरवलं, आपण होऊन. तीन खणांत माळा होईल. पांढऱ्या घुबडासाठी उत्तरेच्या भिंतीच्या त्रिकोणात एक खोका बसणार आहे, कारण घुबडांची एक जोडी तिथे आधीपासून आहे आणि कायद्यानं तिला हात लावता येत नाही. आढ्याशी वटवाघळांनाही फट राहील.

शेवटच्या दिवशी छायाचित्रं राहिली होती. प्रत्येक चौकटीशी लाल-पांढरी दोन मीटरची पट्टी उभी करायची, सामान बाजूला करायचं, उजेड सारखा होईपर्यंत थांबायचं. दुपारी चारला शेवटचं चित्र झालं. मी तिपाई गुंडाळली, आणि आत हवा खेळावी म्हणून बुटकं दार उघडायला गेले. ते कित्येक वर्षं उघडलेलं नसावं. खांदा लावून रेटलं तेव्हा करकरत उघडलं. मोठं दार माझ्या मागे सताड होतंच.

शेतावरून वारा आला. देवडीतून शिरला, मळणीच्या खणातून सरळ निघाला आणि बुटक्या दारानं बाहेर गेला. जमिनीच्या फळ्यांमध्ये कधीचं भुसकट अडकलं होतं, ते सुटलं. आधी चिमूटभर, मग मूठभर, जमिनीलगत सरपटत माझ्या पायांवरून दाराबाहेर गेलं. मी बाजूला सरकले, त्याला वाट दिली.

नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढावाच लागतो. त्या रात्री घरी मी मळणीच्या खणात, दोन दारांच्या मधे, आणखी एक लहान बाण काढला. अहवाल काउंटीच्या वारसा-नोंदवहीत जाण्याआधी तो तपासणाऱ्या बाईंनी त्या बाणाभोवती गोल करून विचारलं, हे काय आहे? मी त्याखाली लिहिलं: वारा.